गरम पाण्यातली पट्टी

शोधनिबंधात जमलेलं तेवढंच छापतात. बिघडलेलं सगळं चहाच्या टपरीवर साठत जातं, आणि आमच्या भंडाऱ्याच्या केमिस्ट्री लॅबचा साठा तर विचारूच नका!

आमची वैशाली पीएचडीसाठी पॉलियुरेथेनची पट्टी बनवत होती, आपला आकार लक्षात ठेवणारी. गरम करून सरळ करा, गार झाल्यावर सरळच राहते. पुन्हा गरम पाण्यात टाका, जुना आकार धरते. शिवाय ती मजबूतही हवी होती.

कच्चा माल एरंडेल. तिचे गाईड, म्हणजे आमचे सर, आणि मी कॅनभर आणायला गेलो. किराणावाल्यानं आम्हाला आपादमस्तक पाहिलं.

"सर, कोनत्या लग्नात जेवून आले?"

पावसाळ्यात दमट हवेनं मिश्रण फसफसून फुगलं. पट्टीची उशी झाली. वैशाली रडकुंडीला आली. सरांनी उशी खुर्चीवर ठेवली, बसून पाहिलं आणि म्हणाले, "कंबरेले बरं वाटून राहिलं. छापून टाकू."

मग मजबुतीसाठी तिनं एक रसायन वाढवलं. पट्टी इतकी कडक झाली की वाकेचना. सोबत पीएचडी करणारा संदीप म्हणाला, "जे वाकलंच नाही, ते याद काय ठेवन?"

प्रमाण जमेस्तोवर मे महिना आला. दुपारी लाईट गेली, पंखा थांबला आणि टेबलावरची सरळ पट्टी आपोआप गुंडाळली गेली. वैशालीनं तर लिहिलं होतं, रूम टेंपरेचरला सरळ राहते. सर म्हणाले, "पन कोनाच्या रूमच्या?" मग तिनं घटक बदलून पट्टीला आपला उन्हाळा सोसायला शिकवलं.

एव्हाना संदीप-वैशालीचं जमलं होतं. लॅबला माहीत, घरी नाही. कोंढ्याला धानाची शेती करणारे तिचे बाबा व्हायव्हाचीच वाट पाहत होते. पुढच्याच आठवड्यात लाखांदूरचा मुलगा तिला पाहायला येणार होता. तिची बोलायची हिंमत होत नव्हती. आम्हाला फार वाईट वाटायचं.

व्हायव्हाला बाबा आले. संदीपनंच नाव सांगून त्यांना चहा दिला. वैशालीनं घाईत भलत्याच डब्यातली सरळ पट्टी उचलून गरम पाण्यात सोडली. पट्टी हळूहळू वळली आणि तिचा इंग्रजी 'एस' झाला.

हाच आकार का, परीक्षकांनी विचारलं. वैशाली लालबुंद. संदीप छताकडे बघत होता. सर 'एस फॉर स्ट्रेंग्थ' असं काहीतरी पुटपुटले.

बाबा उठले. "सर, हे दाबून-दुबून सरळ केली, त रायते का सरळ?"

सर विज्ञानात रंगले होते. "थंडी हाय तवरिक रायते. गरम झाली का पुन्हा तेच. तेच त सिद्ध केलं पोरीनं!"

बाबांनी पट्टीकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं आणि संदीपकडे वळले.

"बापू, तुमचं गाव कोनतं?"