सलाईन लावून धुळ्याला

साक्रीच्या पुढे, डोंगराकडच्या एका गावात सरकारी दवाखाना होता. तिथे मी सिस्टर होते, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. मी जळगावकडची. लग्न केलं नव्हतं. दवाखान्यामागच्या दोन खोल्यांत एकटी राहायचे आणि कुकरची शिट्टी झाली तरी दचकायचे, इतकी तिथे शांतता.

आमच्याकडे एक पद्धत होती, ती नर्सिंगच्या कुठल्या पुस्तकात सापडायची नाही. पेशंट गेला तरी गेला म्हणायचं नाही. सलाईन लावायचं, "सिरियस आहे, धुळ्याला न्या" म्हणून चिठ्ठी द्यायची आणि जीपमध्ये चढवून द्यायचं. रडारड, आरडाओरडा, दगडफेक, जे काय व्हायचं ते धुळ्याला होऊ दे. डॉक्टर त्याला केस पुढे पाठवणं म्हणायचे. मीही तेच म्हणायचे, खोटं कशाला बोलू?

एका दुपारी साप चावलेला तरणाताठा माणूस आणला. आणला तेव्हाच संपला होता. डॉक्टर हळूच म्हणाले, "सिस्टर, लावा सलाईन." मी लावलं. जीप निघाली, आणि पाठोपाठ डॉक्टरही मीटिंग आहे म्हणून निघाले. वाटेत त्या माणसाची आई त्याचे पाय चोळायला बसली आणि तिला कळलं. जीप उलटी फिरली. दवाखान्यात होते मी आणि झाडलोट करणारी मावशी. मावशी औषधांच्या खोलीत शिरली, आतून कडी.

"मरेल माणूसले सलाईन लायं तुनी!" मेलेल्याला सलाईन लावलंस म्हणत त्या माउलीने माझ्या कानफटात मारली. मग आणखी एक. मागून कोणीतरी ट्रे फेकला.

नंतर मोठी चौकशी झाली. अहो, मार खाल्ला मी, आणि चौकशी कशाची, तर फुटलेल्या बाटल्यांची! वळ चार दिवस गालावर होते, पण तुला लागलं का, असं एका माणसाने विचारलं नाही. त्या आईचा मला राग आला नाही. मला एकटीला पुढे करून सगळे पसार झाले, त्याचा आला. त्याच आठवड्यात राजीनामा लिहून ट्रंकेत ठेवला. मनाशी ठरवलं, पुन्हा कोणाच्या मरणाला एकटीने तोंड द्यायची वेळ आली, की हा कागद डॉक्टरांच्या टेबलावर आणि मी एसटीत.

त्यानंतर काही महिन्यांनी धुळ्याला दोन दिवसांचं ट्रेनिंग निघालं. नातेवाईक चिडले तर काय करायचं, हा विषय. एका शाळेच्या हॉलमध्ये आम्ही पंचवीस-तीस सिस्टर. शिकवायला भुसावळकडच्या एक निवृत्त मेट्रन होत्या, आवाज असा की मागच्या बाकावरची पण ताठ बसायची. पाठ दाराकडे ठेवा. कात्री, ट्रे हाताशी पडू देऊ नका. समोरचा ओरडला तर तुम्ही आवाज खाली आणा. मग त्यांनी नाटक करायला लावलं. मी नातेवाईक झाले आणि शिंदखेड्याची एक जण सिस्टर. ती पुढे आली आणि म्हणाली, "सिरियस आहे, धुळ्याला न्या."

बठ्ठा हॉल हसला. सगळ्याच जणी तेच करत होत्या! मला हसू आलं नाही. उभ्या उभ्या मी सगळं सांगून टाकलं, सलाईनपासून कानफटापर्यंत.

मेट्रन म्हणाल्या, "तुझ्यावर हात टाकला ते चूकच. पण बायांनो, ती आई सापावर चिडली नव्हती, खोट्यावर चिडली. मेलेल्याला मेलेला म्हणा. घरातल्या मोठ्या माणसाला बसवा, पाणी द्या आणि सरळ सांगा. आणि एक लक्षात ठेवा, एकटीने कधी सांगायचं नाही. दोघींनी जायचं."

दोघींनी! मी वहीत लिहून घेतलं आणि परतीच्या एसटीत त्या शब्दाकडे बघत बसले. दुसरी कुठून आणू, बाई?

थंडीच्या दिवसांत एका म्हातारीला घेऊन तिचा नवरा आणि सून आली. ताप छातीत उतरला होता. भाऊबंद बाहेर ट्रॅक्टरपाशी थांबले होते, वीसेक माणसं. सकाळी अकराच्या सुमाराला म्हातारी गेली. डॉक्टर लांबच्या गावी कॅम्पला गेलेले, मावशीला त्यांना बोलवायला पिटाळलं. सलाईनची बाटली स्टँडवर तशीच लटकत होती, चालू ठेवली असती तर कोणाला कळलं नसतं. राजीनामा ठेवलेली ट्रंक मागे माझ्या खोलीत.

पण मी बाटलीची नळी बंद केली. म्हाताऱ्याला बाकावर बसवलं, पाणी दिलं. दार माझ्या पाठीशी होतं, तेवढं ट्रेनिंग लक्षात होतं. म्हटलं, "आबा, आजी गेल्या. आम्हाला जमलं तेवढं केलं, पण गेल्या."

त्याने पेला खाली ठेवला आणि उठून उभा राहिला. मी दोन्ही हातांनी गाल झाकले. लाज वाटते सांगायला, पण झाकले.

तो बघत राहिला. मग रिकाम्या वॉर्डाकडे बघितलं, डॉक्टरांच्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं.

"माय," तो म्हणाला, "तू एकलीच शेस का आठे?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. "हो आबा, एकटीच," म्हणाले, आणि माझाच बांध फुटला. ज्याची बायको आत्ता गेली त्याच्यासमोर मी रडत होते! त्याने सुनेला हाक मारून माझ्याशेजारी बसवलं. मग दारात जाऊन भाऊबंदांना बाहेरच थोपवलं, आणि परत येऊन बाकावर बसला.

"डॉक्टर येतस तवलोंग मी बठस," म्हणाला.

डॉक्टर दोन तासांनी आले. तोवर आम्ही तिघं त्या बाकावर बसून होतो.