नदीकाठचं गाऱ्हाणं

काल बोरिवलीत जरा गार वारा सुटला आणि आईने कपाटातून बाबांचा राखाडी स्वेटर काढला. डांबरगोळ्यांचा वास आला आणि मला बाबांसोबत दहिसर नदीकाठी गेलेली थंडीतली ती रात्र आठवली.

आईच्या छातीतल्या गाठीचा रिपोर्ट दुसऱ्या दिवशी येणार होता. जेवण कोणालाच गेलं नव्हतं. "चल गो, पाय मोकळे करून येवया," बाबा म्हणाले. अंगात हाच स्वेटर होता. नदी म्हणजे काळं, संथ पाणी आणि तबेल्यांचा वास.

पुलापाशी बाबांनी अचानक चपला काढल्या, हात जोडले आणि कोकणात गावच्या देवळात देवाला घालतात तसं मोठ्याने गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, हिच्या आवशीचो रिपोर्ट बरो येवंदे रे म्हाराजा."

यावर सोबतच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं असतं, त्याशिवाय गाऱ्हाणं पुढे सरकत नाही. सोबत मी एकटीच, आणि मी खाली पाण्याकडेच बघत राहिले. बाबा हात जोडून थांबून राहिले.

"व्हय म्हाराजा," मागून कोणीतरी म्हणालं. समोरच्या सोसायटीचा वॉचमन होता, डोक्याचा मफलर काढून हात जोडलेला. पुढच्या ओळीला मीही म्हटलं.

रिपोर्ट चांगला आला. त्या रात्री मला ती नदी नुसतं गटार वाटली होती. आता पुलावरून जाताना माझा हात आपोआप छातीशी जातो.

काल आईने तो स्वेटर बाबांच्या मांडीवर टाकला. "तो टीव्ही बंद करा आणि उठा. नदीपर्यंत जाऊन येऊ."

बाबा उठले. "व्हय म्हाराजा."