टेलरकाकू पाण्यात उतरल्या

टेलरकाकूंनी चौपन्नाव्या वर्षी पोहायला शिकायचं ठरवलं, तेव्हा घरात कुणी नाही म्हटलं नाही. कुणाला ते खरंच वाटलं नव्हतं. नातीला पोहण्याच्या तलावावर न्यायचं आणि तिचा तास संपेपर्यंत बाकावर बसून काजं करायची, हा त्यांचा नेम. एक दिवस सुई तशीच कापडात खोचून त्यांनी शिकवणाऱ्या बाईंना विचारलं, "बायकांची बॅच किती वाजता असते?"

"सकाळी सहाला. रोज आलात तर महिन्याभरात आडवा तलाव पार कराल."

"या तीस तारखेला मी पलीकडच्या काठाला हात लावणार," असं काकूंनी घरी जाहीर करून टाकलं. आणि तीनच दिवसांनी त्यांच्या नेहमीच्या शाळेने गणवेश बदलला. एकशे वीस स्कर्ट, प्रत्येकाला सोळा चुण्या, अठ्ठावीस तारखेच्या आत. आजवर त्या शाळेला नाही म्हणायला काकूंची जीभ कधी रेटली नव्हती. आताही रेटली नाही.

पहिल्या आठवड्यात चार दिवस जमले, दुसऱ्यात एकही नाही. टेबलावर कापडाचे गठ्ठे कपाटाच्या उंचीला टेकले. यजमान म्हणाले, "आधी पोटापाण्याचं बघ."

"पोटाचं बघतेच आहे. पाण्याचं तेवढं राहिलंय."

बोलून गेल्या, पण आतून चडफडत होत्या. आठवड्याने तलावावर गेल्या तर अंग सगळं विसरलेलं. नाकातोंडात पाणी गेलं, बाईंनी दंडाला धरून वर काढलं. तोच राग घेऊन त्या मशीनवर बसल्या आणि अकरा स्कर्टांच्या चुण्या उलट्या दिशेने घालून मोकळ्या झाल्या. मग दुपारभर उसवणं आलं. सून शेजारी बसून दोरे ओढू लागली.

"आई, पुढच्या महिन्यात जा ना. तलाव कुठे पळून जातोय?"

"तलाव नाही गं. मी पळेन."

अकरावा स्कर्ट उसवून होईपर्यंत काकूंचं मनाशी ठरलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी तलावावरच्या बाईंना सांगितलं, "तास नाही जमणार. वीस मिनिटं येईन. पण येईन."

"वीस मिनिटांत काय होणार, काकू?"

"माझ्याकडे तेवढ्यात दोन स्कर्टांचे कमरपट्टे लावून होतात. तुमच्याकडेही काहीतरी होईलच."

उरलेला सराव घरी. मशीनशेजारी पाण्याची बादली आली. पाच स्कर्ट झाले की काकू चष्मा काढून ठेवायच्या आणि तोंड पाण्यात घालून श्वास रोखायच्या. एकदा एक गृहस्थ पँटची उंची कमी करून घ्यायला आले, ते दारातच थबकले. "अहो, तुमच्या सासूबाई बादलीत..."

सुनेने कात्रीवरची नजरही काढली नाही. "वीसपर्यंत मोजतात, मग वर येतात. बसा तुम्ही."

स्कर्ट सत्तावीसलाच रवाना झाले, एक दिवस आधी. तीस तारखेला काकूंनी काठ सोडला. मध्याच्या जरा पुढे दम तुटला आणि त्यांनी दोर पकडला.

"अर्ध्याच्या पुढे आलात," बाई म्हणाल्या. "एवढ्या धावपळीत हे काय कमी आहे?"

"कमी नाही. पण काठ तिकडे आहे."

घरी येऊन चहा घेताना त्यांनी सरळ सांगितलं, "नाही झालं." एरवी ज्यांच्या जिभेवर शेरा तयार असायचा, त्या यजमानांनी गुपचूप दुसरा कप भरून त्यांच्यापुढे सरकवला.

एक तारखेला त्या पुन्हा तलावावर होत्या. दोनलाही. सहा तारखेला बोटं पलीकडच्या फरशीला लागली. कुणी पाहिलंसुद्धा नाही. बाई दुसऱ्या एकीचे पाय सरळ करत होत्या. काठाला धरून काकू कितीतरी वेळ नुसत्या धापा टाकत राहिल्या. पोहत परत यायचं त्राण नव्हतं, म्हणून काठाकाठाने चालत आल्या, ओल्या पावलांनी, पण ताठ मानेने. तारीख चुकली हे त्यांनी पुढे कधी लपवलं नाही, आणि त्याचं दुःखही केलं नाही.

घरी पोचतात तोच शाळेचा फोन. दोन स्कर्ट कमरेत सैल करून हवे होते. उद्या सकाळी सहालाच कुणाला तरी पाठवलं तर चालेल का?

"नऊनंतर पाठवा," टेलरकाकू केस पुसत म्हणाल्या. "सकाळी मी नसते."