एकशे ऐंशी खिसे

माझी मावशी शाळेचे गणवेश शिवते. तिचं मशीन भिंतीकडे तोंड करून आहे, त्यामुळे पंचवीस वर्षं तिने मान वर केली की समोर भिंतच. पण तिला विचाराल तर ती अर्धं जग फिरून आलीय. नऊ वर्षांची असताना, मोठ्या भावाच्या जुन्या हाफपँटमध्ये. त्या पँटला दोन खोल खिसे होते. त्यांत सुतळी, शिट्टी आणि अर्धं बिस्किट कोंबून ती रोज जगप्रवासाला निघायची आणि पाण्याच्या टाकीपर्यंत पोचायची. मग आजीने पँट काढून घेतली आणि फ्रॉक चढवला.

"फ्रॉकला खिसा नाही," मावशी सांगते. "म्हणजे सगळं हातात धरायचं. आणि हात भरलेले असले की माणूस जाणार कुठे?"

यंदा मुलींच्या स्कर्टची ऑर्डर आली, तेव्हा मुख्याध्यापिकाबाईंनी कागदावर ठळक लिहिलं होतं, खिसे नकोत. खिसा आला की म्हणे हात खिशात जातात आणि मुली ऐटीत चालायला लागतात. मावशीने कागद वाचला, घडी घालून मशीनखाली सारला आणि उरलेल्या कापडातून खिसे लावत सुटली. काकांनी आठवण करून दिली, तर तिने मशीनचा वेग वाढवला. ऐकू येऊ नये म्हणून.

शाळा उघडायच्या आधीच्या शुक्रवारी बाई माल बघायला आल्या. शिवणीवरून हात फिरवता फिरवता त्यांचा हात मनगटापर्यंत आत गेला. मावशी म्हणाली, चुकून लागला असेल.

बाईंनी सगळा गठ्ठा उलटापालटा केला. "चुकून एखादा लागतो. एकशे ऐंशी?"

"पहिला चुकून लागला. मग बाकीच्यांना वाईट वाटू नये म्हणून."

बाई हसल्या नाहीत. सोमवारपर्यंत खिसे शिवून बंद करा, नाहीतर पुढल्या वर्षी दुसरा शिंपी बघते, एवढं बोलून त्या निघून गेल्या. ही ऑर्डर गेली तर उरणार काय, शेजाऱ्यांचे पडदे. काका म्हणाले, जगप्रवास पुढल्या जन्मी कर, आत्ता सुई घे.

दोन दिवस बसून तिने एकूणएक खिसा हाताने बंद केला. मी मदतीला गेले तर मला सुईला हात लावू देईना. कारण सोमवारी कळलं. तिने घातला होता नुसता कच्चा धावदोरा, लांब लांब टाके, शेवटी गाठ नाही. टोक ओढलं की सुर्रकन सगळा बाहेर. सकाळी शाळेत स्कर्ट वाटले, मुलींनी लगेच घातले, मधल्या सुट्टीत एकीला ते टोक सापडलं, आणि शाळा सुटेपर्यंत पटांगणभर दोरेच दोरे.

संध्याकाळी बाई मुठीत दोऱ्यांचा गुंता घेऊन दारात उभ्या. दोरा जुना होता का, असं त्यांनी विचारलं. मावशीला दोऱ्यावर ढकलता आलं असतं.

"दोरा नवा होता," ती म्हणाली. "मीच गाठ मारली नाही. मारवेना."

बाई स्टुलावर बसल्या. बराच वेळ गुंता सोडवत राहिल्या.

"पुढल्या वर्षी खिसे दोन बोटं वर लावा," शेवटी म्हणाल्या. "पहिलीतल्या मुलींचे हात पोचत नाहीत."