चिठ्ठी आणि कपाटाची किल्ली

तिसरीच्या बाईंना शाळेत सगळे 'पापबाई' म्हणत, अर्थात पाठीमागे. एकतीस वर्षं त्या पोरांना पहिल्या पापनिवेदनासाठी, म्हणजे चर्चमध्ये फादरांपुढे आपली पापं कबूल करण्यासाठी, तयार करत होत्या. आठ वर्षांच्या जिवाकडे पापं असून असून किती असणार? तरी फादरांसमोर गुडघे टेकले की भल्याभल्यांची बोबडी वळते. म्हणून बाई पापं चिठ्ठीवर लिहून न्यायला लावत आणि बाहेर आल्यावर ती फाडून टोपलीत टाकायला. कोणाची चिठ्ठी कोणी वाचायची नाही, हा नियम. "मीसुद्धा नाही," हे त्या दरवर्षी मोठ्या तोऱ्यात सांगत.

त्या वर्षी गृहपाठ तपासताना एका वहीतून घडी केलेली चिठ्ठी पडली. वही होती वर्गाच्या कपाटाची किल्ली सांभाळणाऱ्या मुलीची. सकाळीच ती फादरांकडे जाऊन आली होती आणि चिठ्ठी फाडायची विसरली होती. बाईंनी ती तिथल्या तिथे फाडायला हवी होती. त्यांनी वाचली. 'मी कपाटातलं सोनेरी ताऱ्यांचं पाकीट घेतलं.' शाबासकीला वहीत चिकटवायचे ते तारे.

दुसऱ्या दिवशी वर्ग भरायच्या आधीच बाईंनी किल्ली मागून घेतली आणि आपल्या पर्समध्ये टाकली. कारण सांगितलं नाही. आपण कुठे काही बोललो, मग नियम मोडला कसा, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. माणूस स्वतःचाच वकील झाला की खटला हमखास जिंकतो.

पोरीने आपल्या परीने अर्थ लावला. पाप तिने एकट्या फादरांना सांगितलं होतं, आणि फादरांनी ते कोणालाच सांगायचं नसतं. म्हणजे फादरांनीच बाईंना सांगितलं, असं तिने मैत्रिणीच्या कानात घातलं, मैत्रिणीने बाकावर, आणि फादर सगळं बाईंना सांगतात हे वर्गभर झालं. पुढच्या महिन्यात फादरांपुढे तिसरीची रांगच लागेना. कोणाचं पोट दुखलं, कोणाचे गुडघे. पस्तीस पोरं एकदम निष्पाप झाली. असं का, म्हणून बाईंनी एकीला खोदून विचारलं, तेव्हा त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. त्याच दिवशी म्हातारे फादर त्यांना विचारत होते, माझा आवाज पोरांना फार खरखरीत वाटतो का हो? बाई मान खाली घालून पुढे गेल्या. स्वतःची इतकी लाज त्यांना कधी वाटली नव्हती.

पंधरा दिवस त्यांनी फादरांना टाळलं. शेवटी त्या स्वतःच फादरांपुढे गुडघे टेकून बसल्या आणि सगळं सांगून मोकळ्या झाल्या.

फादर म्हणाले, "देव क्षमा करेल. पण इथे ऐकलेल्यातलं अक्षरही मला मुलांपुढे बोलता येत नाही, बाई. तुम्हाला येतं."

दुसऱ्या दिवशी बाईंनी भरवर्गात सांगितलं, एक चिठ्ठी मी वाचली, फादरांनी कधीच कोणाचं काही सांगितलेलं नाही.

मधल्या सुट्टीत वर्ग रिकामा झाल्यावर ती मुलगी टेबलाशी आली. दप्तराच्या तळातून तिने पाकीट काढलं. कोपरे झिजले होते, तारे सगळे आत होते.

"फादर म्हणाले होते, जिथून घेतलंस तिथे गुपचूप ठेव," ती म्हणाली. "मी दुसऱ्याच दिवशी आणलं होतं, बाई. पण तुम्ही किल्ली घेतली."

बाईंनी पर्समधून किल्ली काढून तिच्या हातावर ठेवली. गुपचूप ठेवायचं होतं, म्हणून त्या फळ्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. कपाट उघडलं, बंद झालं, पावलं बाहेर गेली. तरी बाईंना मागे वळायचा धीर होईना.