टायर पाहून फौज ओळखणारी सुमनआत्या

गेल्या महिन्यात एका मंगळवारी सकाळी, शाळेतली प्रार्थना संपून मुलं वर्गात शिरत असताना माझ्या आतेभावाचा, भगवानचा फोन आला. "दादा, आई गेली..." एवढंच तो बोलला. मागे कुठलातरी ट्रक हॉर्न देत होता, तेवढा ऐकू येत राहिला. सुमनआत्या तिच्या टायरच्या दुकानातच, बसल्या जागी गेली. अर्धा कप चहा पिऊन झाला होता, उरलेला तिने बाजूला ठेवला, भिंतीला पाठ टेकली आणि संपलं. सत्त्याहत्तर वर्षांची होती, पण आजारी अशी कधीच नव्हती. आदल्या रविवारीच आमच्याकडे सुरतेत लिंबायतला येऊन, माझ्या बायकोने केलेल्या कळण्याच्या भाकरीला नावं ठेवून, तीच भाकरी दोनदा मागून घेऊन गेली होती. मला तेव्हा रडू आलं नाही. मी सातवीच्या वर्गावर गेलो, फळ्यावर तारीख लिहिली आणि पुढे काय लिहायचं ते आठवेना...

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. आमचं सगळं घराणं शिरपूरकडून सुरतेला आलं ते लूमवर काम करायला. एकट्या आत्याच्या नवऱ्याचं चलथाणच्या रस्त्याला टायर-पंक्चरचं दुकान होतं. ते कावीळ होऊन गेले तेव्हा भगवान दीड वर्षाचा होता. नातेवाईक म्हणाले, दुकान विकून टाक. आत्याने दुसऱ्या आठवड्यात पदर खोचला आणि जॅक उचलला. बाई पंक्चर काढते हे बघायला सुरुवातीला माणसं थांबायची. टायर रिमवरून सुटेना की ती टॉमीवर, म्हणजे टायर उचकटायच्या लोखंडी पहारीवर, दोन्ही पायांनी उभी राहायची आणि अंगाच्या भाराने टायर सोडवायची. उसाचा हंगाम लागला की कारखान्याकडे जाणारे ट्रक आणि ट्रॅक्टर तिच्या दारात रांग लावायचे. पंधरा-वीस वर्षांत तिचा असा लौकिक झाला, की टायर बघत ट्रकभोवती एक फेरी मारून ती ड्रायव्हरला सांगायची, "उजवीकडचा स्प्रिंगचा पाटा मोडलाय ना रे? म्हणून सगळा भार डावीकडे घालतोस." ड्रायव्हर चकित व्हायचा. तिला त्यात काही विशेष वाटत नसे. चौथीपर्यंत शिकलेल्या माझ्या आत्याला टायर वाचता यायचा, मला पुस्तक वाचता येतं तसा.

माझी मुलगी मृणाल युक्रेनमध्ये डॉक्टरकी शिकत होती, देशाच्या पूर्वेकडच्या एका मोठ्या शहरात. तिसरं वर्ष चालू होतं. रशियाचं सैन्य त्या देशात शिरलं त्या सकाळी आम्ही दोघं नवरा-बायको टीव्हीसमोर बसलो ते दुपारपर्यंत उठलोच नाही. विमानं बंद झाली होती. एवढी अवाढव्य फौज, दोन-चार दिवसांत राजधानी पडणार असं जो तो सांगत होता. मृणालचा फोन लागायचा, मध्येच तुटायचा. पोरी हॉस्टेलच्या तळघरात होत्या. बायको तर देवापुढून हलेना. आत्या रोज संध्याकाळी दुकान भगवानवर सोपवून रिक्षाने आमच्याकडे यायची, टीव्ही बघायची आणि जेवून जायची.

चौथ्या दिवशी मोबाइलवर कुणीतरी फोटो पाठवले. चिखलात रुतलेले, सोडून दिलेले लष्करी ट्रक. आत्याने माझ्या हातातून मोबाइल घेतला. "हाई मोठं करी दे," म्हणाली. मी फोटो मोठा केला. तिने चष्मा काढून पुसला, परत लावला आणि बराच वेळ त्या एका ट्रकच्या मागच्या चाकाकडे बघत राहिली.

"हाई गाडी उभी ठेयेल शे," ती म्हणाली.

आत्या घरात अहिराणीच बोलायची. तिचं पुढचं बोलणं मी साध्या मराठीत देतो. ती म्हणाली, "वर्षभर एका जागी उभी होती ही. टायरची ही बाजू उन्हात, ती सावलीत. उन्हातल्या बाजूला बघ कशा भेगा पडल्यात. उभी गाडी महिन्यातून एकदा तरी पुढे-मागे घ्यावी लागते, हवा बघावी लागते. हे कोणी केलं नाही. पण वरच्या साहेबाला सांगितलं असणार, गाड्या तयार आहेत. त्याने त्याच्या वरच्याला तेच सांगितलं असणार. चिखलात गाडी घालायची तर टायरमधली हवा कमी करावी लागते. असल्या टायरची हवा कमी केली की तो फाटतोच. म्हणून बघ, सगळे पक्क्या रस्त्याने एकामागे एक चाललेत. पुढची एक बंद पडली की मागची सगळी रांग बंद."

मग मोबाइल मला परत देत म्हणाली, "हे राजधानीत नाही पोचत."

त्या रात्री आम्ही चार दिवसांनी नीट जेवलो. पुढच्या दोन दिवसांत टीव्हीवरचे मोठमोठे निवृत्त अधिकारी तेच सांगू लागले. लांबच लांब रांग अडली आहे, इंधन संपलं आहे, शिपायांना रस्ते माहीत नाहीत. आमच्या गल्लीत वातावरणच पालटलं. चहाच्या टपरीवर त्या फौजेची टिंगल सुरू झाली, शेतकरी ट्रॅक्टरने रणगाडा ओढून नेतोय असले व्हिडिओ फिरायला लागले. मीही हसलो, खोटं कशाला सांगू? मृणालला फोनवर म्हणालो, घाबरू नकोस, आठ-दहा दिवस तळघरात काढ, हे मागे फिरणार. तिलाही ते हवंच होतं. परीक्षा तोंडावर होती आणि कॉलेज बुडालं तर वर्ष बुडणार होतं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत आत्या शाळेत आली. इतक्या वर्षांत ती माझ्या शाळेत पहिल्यांदाच येत होती. हाताचं काळं तसंच, साडीला रबराचा वास. मी तिला स्टाफरूममध्ये नेऊ लागलो तर म्हणाली, नको, इथेच. आणि व्हरांड्यात उभ्या उभ्याच तिने सांगितलं, "पोरले घर लई ये, बापू. आजच." म्हणजे मृणालला घरी आण.

"अगं, पण तूच म्हणालीस ना ते पोचत नाहीत?"

"म्हणून तर म्हणते."

मला कळेना. तेव्हा तिने मला एक गोष्ट सांगितली. ती तिने त्याआधी कुणाला सांगितली होती असं मला वाटत नाही. बारडोलीच्या बाजूला एका गावात बाहेरचा एक वाहतूकवाला आला होता. गावकऱ्यांच्या गाड्या हटवून, दोन दिवसांत सगळा ऊस माझ्या ट्रकांनी उचलून दाखवतो म्हणाला होता. त्याचे ट्रक काळ्या मातीत रुतले. गाव बांधावर बसून बघत होतं. फुटलेले टायर घेऊन तो आत्याकडे आला. "मी त्याच्या तोंडावर हसले, बापू. बाईमाणूस हसलं म्हणून तिथले चार ड्रायव्हरपण हसले. तो टायर तिथेच टाकून गेला. चार दिवसांनी भरदुपारी ऊस पेटला. त्याला एकच शेत जाळायचं असणार. मग वारा सुटला. वारा काय त्याच्या पगारावर होता? पलीकडे ऊसतोड मजुरांच्या कोप्या होत्या. सगळे बाहेर पळाले, एक म्हातारी राहिली..."

ती मैदानात खेळणाऱ्या मुलांकडे बघत होती. मग म्हणाली, "जिंकणारा माणूस शहर जपतो, त्याला तिथे राहायचं असतं. ज्याला चालत आत शिरता येत नाही तो लांबून मारतो. त्याला तेवढंच येतं. आणि सगळं जग त्याला हसतंय. किती मारायचं हे त्याने ठरवलं असेल बापू, पण ते तेवढ्यावर थांबत नाही."

मी तिथूनच फोन लावला. तिसऱ्यांदा लागला. मृणाल ऐकेना. मागे पोरींच्या हसण्याचा आवाज येत होता. आत्याने फोन घेतला.

"आजी, इथे आता उलट बरं वाटतंय," मृणाल म्हणाली. "सगळे म्हणतायत त्यांची फौज पळणार."

"पळू दे. तू त्यांच्या आधी पळ."

मृणाल हसली. आत्या हसली नाही. तिने मुद्द्याचं सांगितलं. जाड बूट घाल, पाणी अंगावर बांध, सकाळच्या उजेडात नीघ, रस्त्याने न जाता रेल्वेने जा. स्टेशनपर्यंत गाडी करावीच लागली तर बसायच्या आधी चारही टायर बघ. टायर घासून गोटा झाला असेल, नाहीतर बाजूला भेग असेल तर बसायचं नाही, ड्रायव्हर कितीही गोड बोलला तरी. "आणि वर्ष बुडालं तर बुडू दे," ती म्हणाली. "वर्षं परत मिळतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी मृणाल आणि तिच्याबरोबरच्या पाच पोरी निघाल्या. पहिली आलेली गाडी मृणालने टायर बघून परत पाठवली, तेव्हा बाकीच्या तिच्यावर वैतागल्या. थंडीत आणखी तासभर उभं राहावं लागलं. त्या पहिल्या गाडीचं पुढे काय झालं, कुणालाच माहीत नाही. स्टेशनवर तुडुंब गर्दी होती. एका डब्यात कशाबशा शिरल्या आणि एक दिवस-रात्र उभ्यानेच पश्चिमेकडे गेल्या. सीमा ओलांडायला आणखी दीड दिवस लागला. ती पलीकडे पोचल्याचा फोन आला त्याच्या दुसऱ्याच दिवशी हॉस्टेलच्या मागच्या चौकात तोफगोळे पडले. मृणालची खोली त्याच बाजूला होती. मागे राहिलेली तिची एक मैत्रीण कित्येक दिवस तळघरात बर्फ वितळवून पाणी पीत होती. तीही सुटली, जिवंत घरी पोचली, पण अजून फटाक्यांच्या आवाजाला थरथरते. मृणाल सुरतेच्या स्टेशनवर उतरली तेव्हा तिची आई तिच्या गळ्यात पडून रडली. आत्या बाजूला उभी होती. तिने मृणालच्या पायांकडे बघून विचारलं, "बूट बरे होते का गं?"

आत्याचं सगळंच बरोबर निघालं असं मात्र नाही, आणि ते लिहिलं नाही तर तिला आवडणार नाही. असल्या टायरवर चालणारी फौज दिवाळीपर्यंत टिकत नाही, असं ती ठामपणे म्हणाली होती. दिवाळ्या येत गेल्या, युद्ध चालूच राहिलं. पुढे एकदा रविवारी तिने पेपरातला एक फोटो माझ्यापुढे धरला. "टायर बदलले त्यांनी," म्हणाली. "माझं चुकलं, बापू. मला वाटलं, खराब फौज खराबच राहते. मार खाऊन शिकतात की. मी नाही का शिकले?" आपलं चुकलं हे ती जितक्या सरळ आवाजात सांगायची, तितक्याच सरळ आवाजात आपलं बरोबर आहे हेही सांगायची. मला तिच्यातलं हेच सगळ्यात मोठं वाटतं.

अणुबॉम्बच्या धमक्यांच्या बातम्या यायच्या तेव्हा मी तिच्याशी वाद घालायचो. मी म्हणायचो, "असं घाबरून राहिलं तर उद्या कुणीही कुणाच्या देशात शिरेल. त्याला सोडून द्यायचं का?"

"सोडून द्या कुणी म्हटलं? अडवायचं. वीतभर जमीनसुद्धा द्यायची नाही. पण अडलेल्याला गाडी वळवायला जागा ठेवायची. आणि तो वळवत असताना हसायचं नाही."

"इतकं सोपं असतं तर..."

"सोपं कुठे म्हटलं मी?"

मृणालने उरलेलं शिक्षण दुसऱ्या देशात पूर्ण केलं. आता ती इथल्याच एका दवाखान्यात काम शिकते आहे. आत्याचे दिवस झाल्यावर आठवडाभराने मी आणि मृणाल बारडोलीला एका कामासाठी निघालो होतो. जाताना दुकानात थांबलो. भगवान एकटाच होता. पन्नाशीला आलेला भगवान हाताने कुशल आहे, पण त्याने आयुष्यात कधी कुठल्या ड्रायव्हरला "जा" किंवा "जाऊ नको" म्हटलं नव्हतं. "आईला विचारतो," हे त्याचं ठरलेलं उत्तर. आम्ही बसलो असताना कापडाच्या गाठी भरलेला एक ट्रक येऊन थांबला. सापुताऱ्याच्या घाटाने नाशिकला चालला होता. ड्रायव्हर जुना, उतरल्या उतरल्या त्याने हाक मारली, "बा क्यां छे?" आत्याला सगळे गुजराती ड्रायव्हर 'बा', म्हणजे आई, म्हणायचे.

भगवानने सांगितलं. ड्रायव्हरने डोक्याचा रुमाल काढला आणि दाराशीच उभा राहिला. मग ड्रायव्हर अवघडून म्हणाला, "मागच्या चाकाचं बाला विचारायचं होतं... घाट चढू की नको?"

भगवानने माझ्याकडे बघितलं. तो उठला, ट्रकच्या मागे गेला, उकिडवा बसला. टायरवरून हात फिरवला, आतल्या बाजूने पुन्हा फिरवला. उठून उभा राहिला तेव्हा त्याचा चेहरा घामाने डबडबला होता.

"नाही," तो म्हणाला. "घाटात नाही जायचं. टायर बदलल्याशिवाय नाही."

"सेठ ओरडेल."

"ओरडू दे," भगवान म्हणाला. त्याने फडक्याला हात पुसले आणि एक हात पुढे केला. "लाव फोन. मी बोलतो."