जजसाहेबांचा घसा

"सोमवारी सकाळी हो किंवा नाही, एवढंच सांग," थिएटरची प्रोड्यूसर फोनवर म्हणाली. "नाही असेल तर मी अंडरस्टडीला उभं करते. माझी तिकिटं विकली गेलीत."

अंडरस्टडी म्हणजे मुख्य नटाचा रोल पाठ करून विंगेत तयार बसलेला दुसरा नट. फोन आला तो गुरुवार होता. मंगळवारी पहिला प्रिव्ह्यू होता, म्हणजे तिकीट लावून केलेला, पण समीक्षकांना न बोलावलेला प्रयोग. मी सोमवारचा वायदा केला आणि फोन ठेवला. समोर पाण्याची बाटली धरून माझा पेशंट बसला होता. त्याला सगळं ऐकू गेलं होतं.

मी मिनियापोलिसच्या एका व्हॉइस क्लिनिकमध्ये काम करते. राहते जवळच्या ईडन प्रेरी या उपनगरात. माझं पद स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजिस्ट असं लांबलचक आहे. नागपूरच्या नातेवाइकांची समजूत अशी, की मी अमेरिकेत गाणं शिकवते. ती दुरुस्त करायचा नाद मी सोडून दिला आहे. खरं काम असं, की ज्यांचं पोट आवाजावर चालतं त्यांचा आवाज बसला की तो परत उभा करायचा. औषधं आणि ऑपरेशन डॉक्टरांकडे, बाकीची मेहनत माझ्याकडे.

पेशंटला आपण आर्थर म्हणू. नाव खरं नाही, हे लिहायची त्यांची परवानगी मात्र खरी आहे. वय सत्तरीला टेकलेलं. इंग्लिश नट. तरुणपणी लंडनची रंगभूमी, मग टीव्ही, मग हॉलिवूड. सिनेमात तुम्ही त्यांना पाहिलं असेल आणि नाव विसरला असाल. कधी उमराव, कधी बिशप, कधी भारी सूट घातलेला खलनायक. अनेक वर्षं कॅमेऱ्यासमोर काढल्यावर पुन्हा एकदा स्टेजवर उभं राहायचं म्हणून त्यांनी हे नाटक घेतलं होतं. रोल नेब्रास्काच्या एका रिटायर्ड जजचा. दुसऱ्या अंकात हा जज जवळजवळ एकटाच बोलतो, आणि तेही माइकशिवाय. पहिल्याच भेटीत त्यांनी मला सरळ सांगितलं होतं, "या वयात एकदा का माझ्या जागी दुसरा उभा राहिला, की मला पुन्हा स्टेजवर कोणी बोलावणार नाही."

त्यांचा आवाज तालमींच्या तिसऱ्या आठवड्यात बसायला लागला. सकाळी जेमतेम ठीक, दुपारी घोगरा, संध्याकाळी नुसती हवा. आमच्या डॉक्टर हॅना यांनी नाकातून बारीक कॅमेरा घालून घसा पाहिला. स्वरतंतू म्हणजे घशातल्या दोन नाजूक पट्ट्या. बोलताना त्या एकमेकींना टेकतात आणि थरथरतात. आर्थरच्या पट्ट्या सुजल्या होत्या आणि नीट टेकत नव्हत्या. गाठ नव्हती, रक्तस्राव नव्हता. हॅना म्हणाली की हा वापराचा त्रास आहे, थेरपीने जाईल. म्हणजे चेंडू माझ्याकडे आला.

मी नेहमीचं सगळं दिलं. वाफ, पाणी, स्ट्रॉमधून हुंकार काढायचे व्यायाम, रात्रीचं जेवण लवकर. कुजबुजायचं नाही, कारण कुजबुजल्याने घसा उलट जास्त आवळतो. आमच्या मिनेसोटाच्या हिवाळ्यात हीटरची हवा पापडासारखी कोरडी असते, म्हणून त्यांच्या अपार्टमेंटमध्ये ह्युमिडिफायर, म्हणजे हवा ओलसर ठेवणारं यंत्र, ठेवायला लावला. पेशंट बहुतेक वेळा निम्मं ऐकतात आणि पूर्ण ऐकल्याचं सांगतात. आर्थर मात्र जुन्या शिस्तीचे. सांगितलेलं सगळं, सांगितलेल्या वेळी. तरीही दोन आठवड्यांत फरक शून्य. मला हे फार लागलं. आळशी पेशंट बरा झाला नाही तर मी त्याच्यावर चिडते. हा माणूस इतकं मन लावून करत होता, मग चिडायचं कोणावर?

बुधवारी मी त्यांची तालीम बघायला गेले. म्हटलं ओरडत असतील, मान ताणत असतील, काहीतरी सापडेल. काही सापडलं नाही. श्वास उत्तम, उभं राहणं उत्तम, चढ्या आवाजातली वाक्यंसुद्धा जपून टाकलेली. ब्रेकमध्ये ते इतरांशी गप्पा मारत होते, कॉफी नको म्हणत होते, गरम पाणी घेत होते. घोडं कुठे पेंड खातंय ते कळेना.

गुरुवारी, प्रोड्यूसरच्या त्या फोननंतर, हॅनाने मला केबिनमध्ये बोलावलं.

"मेधा, त्याला काढून घेऊ या. अंडरस्टडी करेल पहिला आठवडा."

"पहिला आठवडा गेला की त्याला परत कोणी घेणार नाही."

"तो आपला प्रश्न नाही."

"सोमवारपर्यंत तो माझा प्रश्न आहे," मी म्हटलं.

हॅनाने खांदे उडवले. माझा हट्ट ती ओळखून आहे. एकदा मी पेटले की घरचेसुद्धा नाद सोडतात.

मी परत खोलीत आले तर आर्थरचा फोन वाजत होता. त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. इंग्लंडमधली मोठी बहीण होती, नुकतंच खुब्याचं ऑपरेशन झालेलं. मी म्हटलं, घ्या.

ते बोलायला लागले आणि मी कान टवकारले. पहिली गोष्ट, मला निम्मं कळेना. ते जजसाहेबांचं ठाशीव अमेरिकन नव्हतं आणि सिनेमातल्या उमरावाचं तुपात घोळलेलं इंग्लिशही नव्हतं. हे काहीतरी भरभर, गोल, उड्या मारणारं होतं. दुसरी गोष्ट, आवाज लख्ख होता. थोडा चिरका, पण मोकळा. माझ्या खोलीत दोन आठवड्यांत असा आवाज एकदाही निघाला नव्हता. ते फोन ठेवायला लागले तर मी हातानेच खूण केली, अजून बोला. बहिणीला त्या दिवशी भावाचं प्रेम जरा जास्तच वाटलं असणार.

फोन ठेवून ते पुन्हा माझ्याशी बोलले, आणि घशाला लगेच कुलूप लागलं. तोच घोगरा जज. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, की पहिल्या दिवसापासून हे माझ्याशी नेब्रास्काच्या आवाजात बोलत होते. तालमीच्या ब्रेकमध्येही तेच. गरम पाणी मागतानाही तेच.

"तुम्ही हे दिवसभर करता?" मी विचारलं.

"अर्थात. सकाळी दार उघडल्यापासून झोपेपर्यंत. आम्ही सगळे असंच करतो."

मग त्यांनी समजावून सांगितलं. अमेरिकन रोल करणाऱ्या पुष्कळ ब्रिटिश नटांची ही पद्धत. शूटिंगच्या काळात ड्रायव्हरशी, वेट्रेसशी, मेकअपवाल्याशी, सगळ्यांशी त्याच ॲक्सेंटमध्ये बोलायचं. म्हणजे ऐन वेळी जीभ घसरत नाही. त्यांचं अनेक वर्षं असंच निभलं. निभायला काय हरकत होती? शूटिंगला माणूस दिवसभर ट्रेलरमध्ये, म्हणजे नटांच्या व्हॅनमध्ये, बसून असतो, कॅमेऱ्यासमोर चार वाक्यं बोलतो, तीही छातीवर लावलेल्या माइकमध्ये. इथे रोज सबंध नाटक, शेवटच्या रांगेपर्यंत. शिवाय हा जज त्यांनी स्वतःच्या आवाजापेक्षा बराच खाली, घशात दाबून बसवलेला. स्टेजवर दोन तास ते चाललं असतं. उरलेला सगळा दिवस ते स्वतःच्या घशावर बसून होते.

पाणी कुठे मुरतंय ते सापडलं. उपाय सोपा होता. स्टेजवरून उतरलं की जज बंद. मी आणखी पुढे गेले. म्हटलं, ते उमरावाचं लंडनवालं इंग्लिशही बंद, तेही घोटून बसवलेलंच, फक्त बहिणीशी बोललात ते चालू.

आर्थर उठून उभे राहिले. माझ्यावर ते पहिल्यांदाच रागावले. आधी म्हणाले की त्याने जज हातातून जाईल. मी म्हटलं, आवाज गेला तरी जज जाणारच आहे. मग ते परत खुर्चीत बसले. आणि खरं कारण बाहेर आलं. उत्तर इंग्लंडमधलं गिरणीचं गाव, आई मागावर. स्कॉलरशिप मिळवून लंडनच्या ड्रामा स्कूलला गेले, तर पहिल्याच दिवशी वर्ग हसला. शिक्षक म्हणाले, या बोलीत तुला आयुष्यभर नोकराचेच रोल मिळतील. वर्षभरात त्यांनी ती बोली पुसून टाकली. तेव्हापासून ती फक्त घरच्यांशी. आईवडील गेले, आता एकटी बहीण उरली.

"आणि तुम्ही म्हणता मी ती थिएटरच्या कँटीनमध्ये बोलू?"

मला त्यांचं दुखणं कळत होतं. इथे आल्यावर पहिल्या नोकरीत मी फोनवर पेशंटशी बोलले की ते दुसरं कोणीतरी मागायचे. मग मीही अमेरिकन 'र' घोटून घोटून बसवला. आमची मुलगी मला चिडवते, "मॉम, यू आर डुइंग युवर वर्क व्हॉइस." संध्याकाळी पुन्हा मराठीत आले की माझा जबडा सैल होतो, हे मला माहीत होतं. पेशंटच्या बाबतीत ते डोक्यात आलं नव्हतं. हे सगळं मी त्यांना सांगितलं. पुढे म्हटलं, "हसणारे हसतील. मंगळवारी स्टेजवर कोण असावं, ते तुम्ही ठरवा."

त्यांनी कोट घातला, दारापाशी थांबले आणि म्हणाले, "सोमवारपर्यंत." ते त्यांच्या गावच्या बोलीत म्हणाले. मला दोनदा विचारावं लागलं.

शुक्रवारपासून त्यांनी तसंच केलं. तालमीत जजचे संवाद, बाकी सगळं घरचं. बहिणीला रोज फोन, आणि अपार्टमेंटमध्ये एकट्याने पेपर मोठ्याने वाचायचा, तोही त्याच बोलीत. जज आम्ही दोघांनी मिळून थोडा वर उचलला, म्हणजे तो घशात न दाबता तोंडात पुढे येईल. थिएटरची डायलेक्ट कोच, म्हणजे नटांचे उच्चार बसवून घेणारी बाई, घाबरली. तिने मला फोन करून बजावलं की ॲक्सेंट सांडला तर जबाबदारी माझी. मी म्हटलं, घेतली. माझा अंदाज चुकला असता तर त्यांचा घसा राहिला असता आहे तिथेच, वर ॲक्सेंटही गेला असता.

सोमवारी सकाळी हॅनाने कॅमेरा घातला. मी स्क्रीनकडे पाहत होते. सूज होती, पण उतरलेली. पट्ट्या टेकत होत्या. हॅनाने तेच चित्र पुन्हा पाहिलं.

"काय दिलंस याला?" तिने विचारलं.

"बहीण," मी म्हटलं.

हॅना सहसा हसत नाही, तेव्हाही हसली नाही. एका दिवशी दोन प्रयोग असतील तर मधल्या वेळात पूर्ण मौन, अशी अट घालून तिने परवानगी दिली. मी प्रोड्यूसरला फोन करून "हो" एवढंच सांगितलं. ती "थँक गॉड"सुद्धा म्हणाली नाही, लगेच दुसऱ्या लाइनवर गेली.

मंगळवारी मी शेवटच्या रांगेत बसले. दुसऱ्या अंकातलं ते लांबलचक स्वगत सुरू झालं. अर्ध्यावर आवाज किंचित फाटला. त्यांनी पॉज घेतला, जज विचार करतो आहे असं दाखवलं, आणि पुढचं वाक्य माझ्यापर्यंत स्वच्छ पोचलं. एका ठिकाणी एक शब्द चक्क गिरणीच्या गावातून आला. डायलेक्ट कोचने डोक्याला हात लावला. बाकी कोणाला पत्ता लागला नाही.

पुढचे सगळे प्रयोग त्यांनी केले. अंडरस्टडीच्या घरच्यांनी ओहायोहून यायची तयारी ठेवली होती, ती तशीच राहिली. आर्थर दर आठवड्याला तपासणीला येत आणि माझ्याशी त्यांच्या बोलीत बोलत. मला हळूहळू बरंच कळायला लागलं. आमच्या रिसेप्शनिस्टला शेवटपर्यंत कळलं नाही.

शेवटचा प्रयोग रविवारी दुपारी होता. मुलीला घेऊन गेले. नाटक संपल्यावर थिएटरच्या मागच्या दाराशी सही घ्यायला लोक उभे होते. आर्थर बाहेर आले, टोपी चढवली आणि सगळ्यांशी मजेत, मोठ्याने गप्पा मारायला लागले, घरच्याच बोलीत. एक आजी बराच वेळ डोळे बारीक करून ऐकत होत्या. शेवटी त्यांनी विचारलं, "जज अगदी आमच्याकडचा वाटला हो. पण हे आत्ता जे बोलताय, ते कुठल्या रोलसाठी?"

आर्थर थांबले. मला वाटलं, आता उमरावाचं इंग्लिश बाहेर काढतात की काय.

"रोल नाही, मॅडम," ते म्हणाले. "माझी आई असं बोलायची." आणि त्यांनी सही केली.

तेव्हापासून आवाज बसलेला कोणीही आला, की घशात कॅमेरा जाण्याआधी मी त्याला माझ्यासमोर घरी एक फोन लावायला सांगते. ईडन प्रेरीत राहणारे आपले मराठी मॅनेजर लोक आधी लाजतात. मग फोनवर आई येते आणि निम्मं निदान तिथेच होतं.